व्हायरल व्हिडिओचे हप्ते

एखादा व्हिडिओ तुफान चालतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो बनवणाऱ्याचाच उत्साह आटतो. हे इतकं नेहमीचं झालंय की त्यावरच्या उपायांचाही बाजार भरलाय. सध्या जोरात आहे ते ‘डोपामाइन डिटॉक्स’. दोन दिवस मोबाइल बंद ठेवा, मेंदूतलं डोपामाइन धुऊन निघेल, असा दावा. डोपामाइन म्हणजे अंगात साचलेला मळ नव्हे. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात असं ते रसायन आहे. ते बनवणाऱ्या पेशी खरोखरच कमी झाल्या की काय होतं, हे पार्किन्सन्सच्या रुग्णात दिसतं: साधी हालचालही जड होते. मोबाइल बाजूला ठेवल्यावर बरं वाटतं हे खरं, पण त्याचं कारण धुलाई नाही.

‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ ही समजूतही अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. अचानक रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात पेटत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी दिवा पाहून पेटू लागल्या, रस मिळाल्यावर मात्र ढिम्म. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर रस यायचा नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत झाल्या. १९९७ मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, बक्षीस आणि अपेक्षा यांतला फरक मोजतात.

हा फरक मनालाही जाणवतो का? २०१४ मधल्या एका अभ्यासात १८,४२० जणांनी मोबाइलवर छोटा जुगारी खेळ खेळला आणि मधूनमधून ‘आत्ता किती छान वाटतंय’ ते नोंदवलं. एकूण किती मिळालं यापेक्षा, नुकतंच अपेक्षेहून जास्त मिळालं की कमी, यावरून त्यांचा मूड जास्त चांगला सांगता आला.

आता थोडं गणित. शिकण्याचा सर्वांत साधा नियम असा:

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + ०.३ × (प्रत्यक्षात मिळालं − जुनी अपेक्षा)

०.३ हा आकडा उदाहरणापुरता. अपेक्षा किती झटपट बदलते, याचा तो वेग आहे. समजा, तुमच्या व्हिडिओला साधारण १,००० व्ह्यूज मिळतात आणि अपेक्षाही तेवढीच आहे. एके दिवशी २०,००० मिळाले. फरक +१९,०००, म्हणून अपेक्षा १,००० + ५,७०० = ६,७००. पुढच्या व्हिडिओला पुन्हा नेहमीचे १,०००. कालपर्यंत हाच आकडा ठीक होता, आज तो −५,७०० वाटतो. अपेक्षा ४,९९० वर येते. पुढच्या १,००० ला −३,९९०. त्यापुढे −२,७९३. प्रत्येक वेळी तूट आधीच्या ७० टक्के. ती १०० च्या आत यायला बारा साधे व्हिडिओ जावे लागतात. आठवड्याला एक म्हटलं तर हे झाले जवळपास तीन महिने.

गंमत पुढेच आहे. या सगळ्या तुटींची बेरीज करा: ५,७०० + ३,९९० + २,७९३ + … ही भूमितीय श्रेणी. तिची बेरीज ५,७०० ÷ ०.३, म्हणजे बरोबर १९,०००. एका दिवसात मिळालेला आनंद पुढच्या व्हिडिओंवर हप्त्याहप्त्याने पै न् पै परत केला जातो. ०.३ ऐवजी दुसरा वेग घेतलात तरी बेरीज तीच. बदलते ती हप्त्यांची संख्या. शिवाय पैशांच्या व्यवहारात तोटा तेवढ्याच फायद्याच्या साधारण दुप्पट बोचतो, असं मानसशास्त्रज्ञ काह्नमन आणि ट्वर्स्की यांच्या मोजमापातून दिसलं होतं. व्ह्यूजचं तसंच असेल, तर हे कर्ज बिनव्याजी नाही.

उसळी टाळता येत नाही, कारण ती बऱ्याच अंशी नशिबाची असते. २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४,००० हून अधिक लोकांना तीच ४८ अनोळखी गाणी ऐकवली, पण श्रोत्यांचे वेगवेगळे गट करून. इतरांनी काय डाउनलोड केलं ते ज्या गटांत दिसत होतं, तिथे प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर आली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही झालं. ‘अल्गोरिदमचं गुपित’ विकणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा.

टाळता येत नाही, मग मोजायची पट्टी बदलायची. सरासरी वापरू नका. एका २०,००० मुळे ती बिघडते. शेवटचे ११ व्हिडिओ घ्या, प्रत्येकाचे प्रसिद्धीनंतर सातव्या दिवशीचे व्ह्यूज लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि सहावा आकडा पाहा. हा मध्यक. वरच्या उदाहरणात तो १,००० च्या आसपासच राहतो. आधीच्या ११ चा मध्यक आणि आत्ताच्या ११ चा, एवढीच तुलना. आकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी उघडायचे, सूचना बंद. दिवसातून वीसदा पाहिलं तर तोच एक व्हिडिओ वीसदा निराश करायची संधी साधतो. यूट्यूब स्टुडिओ नवा व्हिडिओ शेवटच्या दहांत कितवा ते दाखवतो, त्याकडेही दुर्लक्ष करा: दहांतले पाच जण खालच्या पाचांत असणारच.

दुसरी गळती वेळेची. रांगांच्या गणितातल्या साध्या नमुन्यात माणूस ७० टक्के व्यग्र असेल तर नवं काम हाती घेतलं जाईपर्यंत सरासरी २.३ कामांना लागेल इतका वेळ थांबतं; ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९. ठरलेल्या वारी प्रसिद्ध करणाऱ्याचे आकडे इतके टोकाचे नसतात, पण व्यग्रता वाढली की थांबणं झपाट्याने वाढतं, हे वळण तसंच. म्हणून शेवटच्या आठ व्हिडिओंना लागलेले तास लिहा. समजा ६, ७, ६, १४, ८, ७, ११, ६. सरासरी ८ च्या थोडी वर. आठवड्याला १० तास हाताशी आहेत म्हणून दर आठवड्याला एक ठरवलंत, तर १४ तासांचा एक व्हिडिओ पुढच्या दोन आठवड्यांची झोप खातो. दहा दिवसांना एक ठरवा.

चार तयार व्हिडिओ शिल्लक ठेवा, तेही शिळे न होणाऱ्या विषयांवरचे. शिल्लक वापरली की आधी ती भरायची. एका बैठकीत अनेक व्हिडिओ शूट केल्याने दिवे, माइक, कॅमेरा मांडायचा वेळ वाचतो, पण तीनवर थांबा. चौथ्याला आवाज सपाट होतो आणि पुन्हा शूट करण्यात वाचलेला वेळ जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ११ व्या आजार-वर्गीकरणात बर्नआउटची लक्षणं तीन आहेत: थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तिथे त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. उदासी कामाबाहेरही पसरली, झोप-भूक बिघडली आणि हे दोन आठवडे टिकलं तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका, डॉक्टरांना भेटा; ते नैराश्य असू शकतं.

आणि उसळी आलीच, तर पुढचा व्हिडिओ शिलकीतला टाका, म्हणजे १,००० च्या अपेक्षेने बनवलेला. उसळीनंतर लगेच बनवलेल्या व्हिडिओत ६,७०० गाठायच्या धडपडीने दुप्पट तास जातात, आणि पहिला हप्ता तर तरीही भरावाच लागतो.