डॅटसन २४०झेड आणि तिचे आफ्टरमार्केट पार्ट्स

डॅटसन २४०झेड ही निसान कंपनीची दोन सीटांची जपानी स्पोर्ट्स कूपे, १९६९ साली आलेली. जपानात तिचं नाव फेअरलेडी झेड, पण अमेरिकेत निसानचा कारभार बघणाऱ्या युताका कातायामांना हे नाव तिकडे चालेल असं अजिबात वाटेना, म्हणून तिथे नुसता आकडा लावला, २४० म्हणजे २.४ लिटरचं इंजिन. कारखान्यातला कोड एस३०. लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर, एका रांगेत सहा सिलिंडर, १५१ एचपी, वजन हजार किलोच्या थोडं वर आणि अमेरिकेतली किंमत ३,५२६ डॉलर. एवढ्या पैशात असं काही मिळतं म्हटल्यावर गिऱ्हाईक रांगेत उभं राहणारच.

रॅलीतही ती कच्ची नव्हती. १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली हिने मारली आणि १९७३ ला परत मारली, तेव्हा स्टिअरिंगवर होते युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता. गोव्यात ज्यांच्या घरातलं कोणी नैरोबी-कंपालाला नोकरीला होतं त्यांना सफारी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, चिखल, खड्डे आणि धूळ, आपल्या खाणपट्ट्यातल्या रस्त्यासारखंच, फक्त हजारो किलोमीटर.

पुढे अमेरिकेचे धुराचे आणि बंपरचे नियम कडक होत गेले तशी गाडी जड होत गेली. १९७४ ला २६०झेड आणि तिचीच चार सीटवाली, १९७५ ला २८०झेड, २.८ लिटर आणि बॉशचं फ्युएल इंजेक्शन. १९७८ ची २८०झेडएक्स आरामाकडे झुकली. मग ३००झेडएक्स, ३५०झेड, ३७०झेड, आणि आता नुसती झेड. पण आफ्टरमार्केट पार्ट्सचा, म्हणजे गाडी घेतल्यावर बाहेरून आणून बसवायच्या भागांचा, खरा बाजार अजून पहिल्या तिघींभोवतीच फिरतो.

त्या बाजाराची गंमत अशी की सुरुवातीच्या अपग्रेडांपैकी एक म्हणजे कंपनीचाच जुना पार्ट. अमेरिकेत १९७३ मॉडेलपासून हिताची कंपनीचे फ्लॅट-टॉप, म्हणजे सपाट माथ्याचे, कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) आले, धूर कमी करायला, पण इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके द्यायची. लोकांनी ते सरळ काढून टाकले आणि आधीच्या गाड्यांचे राऊंड-टॉप, गोल माथ्याचे, बसवले. मग ही उचलाउचली वाढतच गेली, झेडएक्सचा पाच गिअरचा बॉक्स, टोयोटाच्या फोर-बाय-फोरचे चार पिस्टनवाले ब्रेक कॅलिपर, आणि सगळ्यात भारी म्हणजे निसानच्याच एलडी२८ डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा. तो २८०च्या ब्लॉकमध्ये घातला की स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७९ वरून ८३ मिमी होतो, सिलिंडर ८९ मिमी व्यासाला बोअर करून घेतले की ३.१ लिटर तयार. वर वेबर कंपनीचे तीन कार्ब्युरेटर आले की आवाज अप्रतिम, फक्त तिन्ही एकसारखे ट्यून करायला कानही हवा आणि सवडही.

पण एचपीच्या गप्पा मारणारे विसरतात की या गाड्या संपल्या त्या गंजाने. पत्रा पातळ, त्यात पाणी साचायच्या जागा भरपूर, काचेखालच्या जाळीचे निचरे तुंबतात, मागच्या चाकापुढचा कोपरा सडतो आणि बॅटरीच्या ट्रेमधून झिरपलेलं ॲसिड खालची चॅसी रेल खातं. म्हणून फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा), रेल, दाराची रबरं हे पार्ट्स आजही नवीन बनतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस आणि किनाऱ्यावर खारं वारं, तेव्हा इथल्या माणसाला हा विभाग आधी कळतो. फोंड्याला एका गॅरेजात जुन्या फियाटखाली झोपून डेंटर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवत होता, टण आलं की पुढे, भद आलं की खडूची फुली, आणि एका फुलीवर त्याने टोक लावलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं, पुट्टी आणि लाल मातीचा ढेकूळ खाली पडला. झेड घेतानाही परीक्षा हीच, आधी कार्पेट उचलायचं, बॉनेट नंतर.

भारतात यात कायदाही येतो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल चालणार नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, चॅसी, बॉडी नि इंजिन मुळात होतं तसंच ठेवलेली खाजगी गाडीच व्हिंटेज धरतात, तिला नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. म्हणजे १९७० ची झेड वयात बसते, पण रुंद फेंडर (चाकांवरचा पत्रा) आणि ३.१ लिटरवाली बसणं कठीण. डिझेलचा क्रँक बाहेरून दिसत नाही, हा भाग वेगळा.