हेडसेटखालची कुईकुई

गोंदियाजवळच्या बिर्सीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर उठतात आणि उतरतात. धानाच्या बांधीत उभा असलेला माणूस आता वर मान करूनही पाहत नाही, इतकी ती घरघर अंगवळणी पडली आहे. एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला पंख्याचं एटीआर विमान जाऊ लागलं, आणि पारावरच्या गप्पांत विमान आणखी जवळ आलं. त्यासोबत कानाच्या मशीनबद्दल, म्हणजे श्रवणयंत्राबद्दल, एक समजूतही फिरते : "कानात मशीन असली अन् वरून हेडफोन घातला का कुईकुई सुरू होते. मशीनवाल्यानं इमानाचं नावच काढू नये!"

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं साफ चूक.

आधी गोंगाटाचं बघू. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. त्यातला मोठा भाग खर्जातला. पंख्याची दोन पाती मिनिटाला २४०० फेऱ्या मारत असतील, तर सेकंदाला ८० वेळा पातं हवा कापतं, म्हणजे ८० हर्ट्झचा घुमारा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिनही त्याच वेगाला सेकंदाला ८० स्फोट करतं, त्यामुळे दोघं एका सुरात गुरगुरतात. बेलोऱ्याच्या एटीआरला सहा पाती आहेत. प्रवासाच्या वेगात ती मिनिटाला साधारण ९८० फेऱ्या घेतात. गुणाकार-भागाकार केला की ९८ हर्ट्झ येतात.

वैमानिकाच्या हेडसेटची जाड गादीची वाटी अख्खा कान झाकते आणि हा आवाज वीस-पंचवीस डेसिबलनं खाली आणते. खर्जात मात्र ती कमी पडते. तिथे महागड्या हेडसेटमधली आवाज मारणारी यंत्रणा कामी येते. वाटीतला छोटा मायक्रोफोन आतला आवाज ऐकतो आणि स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लाट सोडतो. खर्जाची लाट काही मीटर लांब असते, म्हणून वाटीभर ती एकसारखी असते आणि उलटी लाट तिच्यावर नीट बसते. काहीशे हर्ट्झच्या वर हे जमत नाही. "शंभर टक्के शांतता" असं जाहिरातीत दिसलं, तर ते वाचून सोडून द्यावं.

आता मशीन. थोड्या जुन्या डिजिटल श्रवणयंत्रांचा मायक्रोफोन-भाग ९५ डेसिबलच्या आसपास भरून जातो. त्यापुढचा आवाज आला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि बोलणं फाटक्या भोंग्यासारखं ऐकू येतं. अशी मशीन उघड्या कॉकपिटमध्ये निकामीच. तीच हेडसेटच्या वाटीत गेली की तिच्यापर्यंत सत्तरच्या घरातला आवाज पोचतो आणि ती सुखानं काम करते. म्हणजे हेडसेट मशीनचं छप्पर आहे. भांडण आहे ते फक्त त्या कुईकुईचं, आणि त्याचं कारण इतकं सुरेख आहे की त्यावर थोडं रेंगाळायलाच हवं.

गणपतीच्या मांडवात कुणी माईक घेऊन भोंग्यासमोर गेला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भोंग्याचा आवाज माइकात शिरतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा भोंग्यातून माइकात. श्रवणयंत्रात हाच मांडव दोन-तीन सेंटिमीटरमध्ये उभा आहे. कानामागच्या पेटीत मायक्रोफोन, कानाच्या नळीत स्पीकरचं तोंड, आणि मध्ये बूच म्हणून कानाच्या मापाचा मोल्ड. मोल्ड कितीही नीट बसला तरी थोडा आवाज त्याच्या कडेनं बाहेर झिरपतोच.

समजा मशीन आवाज ४० डेसिबलनं वाढवते. म्हणजे दाबाच्या हिशेबात १०० पट. झिरपून मायक्रोफोनपर्यंत परत येणारा आवाज कानातल्या आवाजाच्या दोनशेव्या हिश्श्याइतका आहे असं धरा. एका फेरीचा गुणाकार : १०० भागिले २००, म्हणजे अर्धा. दुसऱ्या फेरीत पाव, तिसऱ्या फेरीत अष्टमांश. आवाज विरून जातो, कुणाला काही कळतही नाही. आता वरून वाटी ठेवली. जो झिरपलेला आवाज खोलीत पसरून हरवत होता, तो वाटीच्या भिंतीवर आपटून परत मायक्रोफोनवर येऊ लागला. दोनशेवा हिस्सा होता, तो ऐंशीवा झाला असं धरू. गुणाकार आता १०० भागिले ८०, म्हणजे सव्वा. एक, सव्वा, दीडच्या वर, जवळजवळ दोन... दहा फेऱ्यांत नऊ पट. डिजिटल मशीनमध्ये एक फेरी पाच-सात मिलिसेकंदांत होते. म्हणजे पापणी लवायच्या आत शिट्टी तयार. पुढे ती अमर्याद वाढत नाही, कारण मशीन आपल्या कमाल आवाजाला अडखळते आणि तिथेच कोकलत राहते.

पण शिट्टीच का? घरघर का नाही? कारण फेरी मारून आलेली लाट मूळ लाटेच्या पावलात पाऊल टाकून आली, तरच भर पडते. फेरीला सहा मिलिसेकंद लागत असतील, तर त्या वेळात पूर्ण आकडी आंदोलनं मारणारे सूरच टिकतात, दर १६७ हर्ट्झला एक. त्या रांगेतला ज्याचा गुणाकार सगळ्यांत मोठा, तो जिंकतो. वयानं किंवा जिनिंगच्या गोंगाटानं कमी झालेलं ऐकणं बहुधा वरच्या पट्टीतलं असतं, म्हणून मशीन तिथेच जास्त आवाज वाढवते. त्यामुळे विजेता बहुतेक वेळा २००० ते ४००० हर्ट्झमधला असतो. तीच ती कुईकुई.

साखळी कुठेही तोडली तरी चालते : झिरपणं कमी करा, वाढ कमी करा, नाहीतर मायक्रोफोनच बंद करा.

झिरपणं मोल्डशी निगडित आहे. कानाची नळी वर्षानुवर्षं तशीच राहत नाही, वजन घटलं की मोल्ड सैल होतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा मोल्ड जबडा हलवला की शिट्टी देत असेल, तर नवा बनवून घ्यावा. रबराच्या उघड्या टोपीपेक्षा मापाचा मोल्ड हेडसेटखाली कधीही बरा. वाटी खोल हवी. कानामागची पेटी पूर्ण वाटीच्या आत राहिली पाहिजे, गादीखाली दाबली गेली तर दोन बाजूंनी मार बसतो : गादीला फट पडून इंजिनाचा आवाज आत येतो आणि पेटीवर घासण्याचा खरखराट मायक्रोफोन थेट उचलतो. चष्म्याची जाड काडी हीच फट पाडते, म्हणून काडी पातळ घ्यावी. पेटी कानामागे आणि हेडसेटचा स्पीकर कानापुढे, मग ऐकू कसं येणार, असा प्रश्न पडतो. १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटर लांब असते, तिच्यापुढे वाटी म्हणजे डबीच. एवढ्याशा बंद डबीत पुढे काय अन् मागे काय, दाब जवळपास सारखाच.

वाढ कमी करण्याची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या आतच पाठवतो. स, थ, फ यांची धार त्याच्या वर असते, ती रेडिओवर कुणालाच येत नाही, तरुण कानालाही नाही. म्हणूनच वैमानिक इंग्रजी अंक मोडून बोलतात : थ्रीचं ट्री, फाइव्हचं फाइफ, नाइनचं नायनर, थाउजंडचं टाउजंड. आता जोडून बघा. ३००० हर्ट्झच्या वर रेडिओत काही नाही आणि शिट्टीचा अर्धा इलाखा तिथेच आहे. मशीनमध्ये हेडसेटसाठी वेगळा प्रोग्रॅम करून ३०००च्या वरची वाढ कापली, तर रेडिओवरचं एक अक्षरही न गमावता शिट्टीचा तेवढा धोका जातो. राहिलेल्या २००० ते ३०००च्या पट्ट्यात थोडी वाढ उतरवून तेवढी हेडसेटच्या आवाजाच्या खुंटीवर भरून काढता येते. हेडसेटचा आवाज मशीनच्या साखळीबाहेरून येतो, तो वाढवल्यानं शिट्टी वाढत नाही.

ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाताना हेडसेट सोबत न्यावा आणि वाटी कानावर असतानाच हा प्रोग्रॅम बसवून घ्यावा. सांगायचं ते असं : मायक्रोफोन चारी बाजूंचा ठेवा, समोरचाच आवाज पकडणारी सोय बंद करा, कारण वाटीत समोर-मागे असं काही उरत नाही. आपोआप प्रोग्रॅम बदलणं बंद करा, नाहीतर इंजिनाचा वेग बदलला की मशीन ऐन उतरताना स्वतःहून काहीतरी ठरवते. गोंगाट-कपात कमीत कमी ठेवा, ते काम वाटीनं केलेलं आहे. कमाल आवाजाची मर्यादा मात्र जशीच्या तशी राहू द्या.

शिट्टी दाबणारी डिजिटल सोय बहुतेक नव्या मशीनमध्ये असते. ती झिरपणाऱ्या वाटेचा अंदाज बांधून तेवढा आवाज वजा करते. वाटी चढवताना वाट एकदम बदलते, म्हणून क्षणभर किंचाळी येते आणि थांबते, त्याला घाबरू नये. तिचा खरा दोष वेगळाच आहे. लांब चालणारा एकसुरी आवाज आला की तिला तो शिट्टीच वाटतो आणि ती तो दाबू पाहते किंवा त्यावर चिरका कंप चढवते. विमानात असे सूर महत्त्वाचे असतात : दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर या रेडिओ केंद्राची ओळख सांगणारा १०२० हर्ट्झचा मोर्स संकेत आणि पंखाची उचल संपत आल्याचा इशारा देणारा भोंगा. हा भोंगा हेडसेटमध्ये येत नसेल, बाहेरच वाजत असेल, तर तो वाटीतून आणि मशीनमधून ऐकू येतो का, हे जमिनीवर, इंजिन सुरू असताना, दुसऱ्याला वाजवायला लावून तपासायलाच हवं.

तिसरा मार्ग मायक्रोफोन बंद करण्याचा. बऱ्याच मशीनमध्ये टेलिकॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. मशीन 'टी'वर टाकली की मायक्रोफोन बंद होतो आणि वेटोळं फक्त चुंबकीय क्षेत्र ऐकतं. आवाजाचं चुंबकीय क्षेत्र करणारा, गळ्यात घालायचा तारेचा लूप इंटरकॉमच्या हेडफोनच्या जॅकला जोडायचा. साखळीच तुटल्यानं शिट्टीचा प्रश्न संपतो. पण वेटोळ्याला विमानातलं दुसरंही बरंच काही ऐकू येतं : अल्टरनेटरची वेगाबरोबर चढणारी किरकिर, चमकणाऱ्या दिव्याची टिकटिक, आणि मोठ्या विमानात ४०० हर्ट्झच्या विजेची गुणगुण (आपल्या घरात ५० हर्ट्झची असते). शिवाय बाहेरचा भोंगा 'टी'वर अजिबात येत नाही. जॅकचं मापही लक्षात ठेवा. छोट्या विमानात हेडफोनची पिन ६.३५ मिलिमीटरची, माइकची त्याहून बारीक. मोबाइलची ३.५ची पिन थेट बसत नाही, आणि अॅडॉप्टर लावला तरी विमानाचा हेडफोन मोबाइलच्या हेडफोनपेक्षा खूप जास्त रोधाचा असल्यानं आवाज बेताल होऊ शकतो.

रेडिओचा आवाज थेट मशीनमध्ये सोडणाऱ्या ब्लूटूथचा बोलबाला फार आहे. ऐकायला ठीक, बोलायला अडचण. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. हेडसेटमध्ये वैमानिकाला स्वतःचं बोलणंही ऐकू येतं, आणि स्वतःचाच आवाज एवढ्या उशिरानं कानात पडला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. हे वापरायचंच असेल, तर स्वतःचा आवाज परत येण्याची वाट बंद करावी.

नियमांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकात व्यावसायिक वैमानिकाला मशीनशिवाय ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त ऐकण्याची तूट चालत नाही. पण तूट जास्त असली तरी कॉकपिटच्या गोंगाटात बोलणं नीट कळतं हे सिद्ध केल्यास वाट मोकळी ठेवलेली आहे. आपल्याकडे निर्णय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) वैद्यकीय तपासणीत होतो, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख सोबत न्यावा. प्रवाशाला तर अडचणच नाही. विमानात इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरण्यावर बंधन घालणाऱ्या अमेरिकी नियमातून, क्रमांक ९१.२१, श्रवणयंत्र नाव घेऊन वगळलेलं आहे, पेसमेकर आणि दाढीच्या यंत्राच्या पंगतीत. एटीआरमध्ये पंख्याच्या रेषेतल्या पुढच्या रांगा टाळून मागे बसलं, की मशीनला बरंच सुसह्य होतं.

विदर्भातला उन्हाळा हा मशीनचा वेगळाच वैरी. हेडसेटच्या गादीखाली घाम साचतो, मोल्डच्या नळीत थेंब अडकतो आणि आवाज तुटक येतो. उतरल्यावर नळी पेटीपासून काढून रबरी पिचकारीनं फुंकावी, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावी. तांदळात ठेवू नये. धानाच्या मुलखात हा उपाय हमखास सांगितला जातो, पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पूड मायक्रोफोनच्या छिद्रात बसते. मशीन "गरम पडते" म्हणून कानात कोमट तेल सोडणंही तसलंच. तेल मळासकट स्पीकरच्या जाळीत जातं.

बटणासारखी झिंक-एअर बॅटरी हवेतला ऑक्सिजन घेऊन चालते. चिकटपट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं उघडी ठेवून मगच बसवावी. एकदा पट्टी निघाली की मे महिन्याच्या कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी उडत राहतं, वापरा किंवा न वापरा. म्हणून उड्डाणाच्या दिवशी नवी घालावी आणि त्याच मापाचं एक पाकीट खिशात ठेवावं. ३१२ मापाची पट्टी तपकिरी, १३ची नारिंगी, ६७५ची निळी.

उतरताना कान गच्च होतात ते मधल्या कानामुळे. पण मोल्डला आरपार बारीक छिद्र नसेल, तर मोल्ड आणि पडद्यामधली हवाही कोंडते आणि दुखणं आणखी वाढतं. साधारण एक मिलिमीटरचं छिद्र पुरतं. त्यातून थोडं झिरपणं वाढतं, म्हणून छिद्र पाडल्यावर हेडसेटचा प्रोग्रॅम पुन्हा एकदा वाटी चढवून तपासून घ्यावा.