उसनी बंदूक आणि ४५ दिवस

भात कापणीला आलं होतं. संध्याकाळी शेजारी अंगणात येऊन पडवीत टेकला. रानडुकरांनी आदल्या रात्री त्याचा अर्धा कुणगा लोळवला होता. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, बंदूकही आहे, पण तिच्या घोड्याची कमान (स्प्रिंग) तुटलेली. तो म्हणाला, "दोन रातींपुरती तुजी बंदूक दी मरे. नुसतो वर बार काढूचो. माज्याकडे लायसन आसाच!" मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, मलाही. नांगर, पंप, चारा, बी-बियाणं यांतलं काहीही आम्ही एकमेकांना नाकारत नाही.

कोकणात हा प्रश्न घरोघरी पडतो आणि त्यावरचं ठरलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. 'दोघांकडे परवाना असला की झालं' किंवा 'एक चिठ्ठी लिहून दिली की झालं', असं लोक मनापासून समजतात. कायदा तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी आज काय आहे ते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'हस्तांतरण' या शब्दाची व्याख्या आहे. तीत भाड्याने देणं, उसनं देणं, देऊन टाकणं आणि ताबा सोडणं हे सगळं येतं. म्हणजे कायद्याच्या लेखी उसनवारी आणि विक्री एकाच पंगतीला बसतात. खाजगी माणसाने आपली बंदूक दुसऱ्याला विकायची किंवा हस्तांतरित करायची तर काय करायचं, हे कलम ५ सांगतं. घेणारा ती बाळगायला कायद्याने पात्र हवा. देणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आपला इरादा, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता लेखी कळवायला हवा. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जायला हवेत. दोन रात्रींच्या राखणीला ४५ दिवसांची नोटीस! तेवढ्यात भात कापून, झोडून कणगीत जातं.

शिवाय परवाना म्हणजे 'बंदूक चालवायला हरकत नाही' असा मोघम दाखला नव्हे. त्यावर हत्याराचा प्रकार, बोअर (नळीचं माप) आणि नंबर लिहिलेला असतो. शेजाऱ्याच्या परवान्यावर त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा नंबर आहे, माझ्या एकनळीचा नाही. माझी बंदूक त्याच्या हातात गेली की ती बिनपरवाना हातात गेली, इतकं ते सरळ आहे. काडतुसांचंही तेच. साखरेसारखी वाटीभर उसनी द्यायची ती वस्तू नव्हे, कारण कलम ५ मध्ये शस्त्राबरोबर दारूगोळाही आहे.

मग ती चिठ्ठी आली कुठून? ती कलम ३ मधून आली आणि ती खोटी नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस, स्वतःकडे परवाना नसतानाही, बंदूक नेऊ शकतो. पण तीनच कामांसाठी: दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला, किंवा खुद्द परवानाधारकाला वापरायला. शेवटचे शब्द लोकांच्या नजरेतून सुटतात. वापरणारा मालकच असायला हवा. चिठ्ठी घेऊन जाणारा फक्त वाहून नेणारा. जुन्या छापील परवान्यांवर 'रिटेनर'चा रकाना असायचा, तोही याच विचारातला: मालकाच्या वतीने बंदूक बाळगणाऱ्या माणसाचं नाव, बापाचं नाव आणि पत्ता आधीच परवान्यावर चढलेला हवा.

आता मागे जाऊ. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी या देशातली हत्यारं गोळा करायला घेतली. १८६० मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो पक्का झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही त्याच लिटनचा आणि त्याच सालचा. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके रामोशी साथीदारांना घेऊन पुण्याच्या आसपास उठले. माणसं आणि हत्यारं एकत्र येण्याची सरकारला किती धास्ती होती, हे त्या दोन वर्षांकडे एकत्र पाहिलं की कळतं.

१८७८ च्या कायद्याचं सर्वांत बोचणारं अंग म्हणजे त्यातल्या सवलती. युरोपियनांना परवाना लागत नव्हता, देशी माणसाला लागत होता. आणि त्याच राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात काय होतं? तिथे १८७० च्या कायद्याने बंदूक बाळगणाऱ्याने टपाल कचेरीत जाऊन दहा शिलिंग भरायचे आणि कागद घेऊन यायचा. तो कर होता, चौकशी नव्हती. छऱ्याच्या बंदुकीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागायला ब्रिटनमध्ये १९६० चं दशक संपत यावं लागलं. ते प्रमाणपत्रही आधी माणसाचं होतं. १९८७ मध्ये हंगरफर्ड गावात गोळीबारात बरीच माणसं मेली, त्यानंतर १९८८ च्या दुरुस्तीने एकेक बंदूक प्रमाणपत्रावर नोंदली जाऊ लागली. तरीही प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्या माणसाला छऱ्याची बंदूक ७२ तासांपर्यंत उसनी दिली तर तिथे पोलिसांना कळवावं लागत नाही. शेजाऱ्याला हव्या होत्या तशा दोन रात्री तिथे सहज बसल्या असत्या.

म्हणून आपल्या कायद्याकडे पाहताना मला त्याचा उगम विसरता येत नाही. तिथे बंदूक ही आधी मालमत्ता होती, नियम तिच्यावर नंतर चढले. इथे आधी बंदी आली आणि परवाना हा त्या बंदीतून एका माणसापुरता, एका हत्यारापुरता काढलेला अपवाद होता. अपवाद उसना देता येत नाही.

गंमत अशी नव्हे पण नवल असं, की खाजगी विक्रीच्या बाबतीत १८७८ चा कायदा आजच्यापेक्षा सैल होता. स्वतःच्या वापराचं हत्यार बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकावं आणि मग विनाविलंब जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला किंवा पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव कळवावं, एवढंच तो सांगत होता. आधी व्यवहार, मग कागद. आज आधी कागद, मग दीड महिना, मग व्यवहार. परकीय सरकारने नेटिवाला बंदूक मिळूच द्यायची नाही यावर सारा भर दिला होता, आणि मिळाली त्या थोडक्यांकडे दुर्लक्ष केलं तरी त्याचं चालत होतं. स्वतंत्र देशात परवाने वाढले, तसं बंदूक आज कोणाच्या घरात आहे हे कळणं जास्त गरजेचं झालं.

या कायद्याविरुद्धची तक्रारही जुनी आहे. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्यात बदल मागितला. १९१८ मध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं पत्रक काढताना गांधीजींनी लिहिलं की इंग्रजी राज्याच्या साऱ्या दुष्कृत्यांत एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल. पहिल्या महायुद्धानंतर नियमांमधली वंशावर आधारलेली सूट गेली. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, आला. पण घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा ती मान्य झाली नाही. घटनेत जे आलं ते शांततेने आणि 'शस्त्रांशिवाय' एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. फाळणीचे घाव ओले असताना दुसरं काही होणं कठीण होतं, असं मला वाटतं.

१९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या उद्देशपत्रिकेतच म्हटलं होतं की जुना कायदा सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता. या नव्या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक खरी जागा होती आणि ती अजून आहे. कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा असतो, आणि ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भिंतीवर टांगलेल्या बंदुकांपैकी कितीतरी या वाटेने आलेल्या आहेत. दारू, छरे, गज, केप असं सगळं बारदान सांभाळत लोकांनी वर्षानुवर्षं वानरं हाकलली. खंडेनवमीला तिला हळद-कुंकू लागतं.

दोर मात्र हळूहळू आवळत गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर मारायलाही परवानगी लागते, आणि अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं असतं. राधानगरीच्या आसपासच्या लोकांना हे ठाऊक आहे. उसनवारीचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे. घेणाऱ्याने शिकार केली आणि बंदूक जप्त झाली, तर गुन्ह्यात वापरलेलं हत्यार सरकारजमा होतं. आजोबांची बंदूक गेली ती गेली.

१९८३ मध्ये एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका असं ठरलं. डिसेंबर २०१९ मध्ये ती मर्यादा दोनवर आली, जादा हत्यार जमा करायला एक वर्ष मिळालं, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि बिनपरवाना हत्याराची शिक्षा वाढली. हातात येणारी तिसरी बंदूक, मग ती कायमची असो की हंगामापुरती, या मर्यादेतही अडकते. घेणारा पात्र आहे की नाही याची आधी खात्री न करता हत्यार देणं हा कलम २९ खाली देणाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा आहे. 'मला काय माहीत' हे उत्तर तिथे चालत नाही.

घरातल्या घरात हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. बाप थकलेला, मुलगा राखणीला जातो, बंदूक बापाच्या नावावर. लोकांना यात काही वावगं वाटत नाही, पण मुलगा एकटा शेतात असेल तर कलम ३ ची सूट त्याला लागू नाही. यावर मात्र सरळ वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो आणि वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. आमच्या वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना हे आजच लागू पडेल. वारसाहक्काचा अर्ज मृत्यूनंतरच करायचा असतो या समजापायी लोक थांबतात, आणि मग दुःखाच्या दिवसांत बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची धावपळ होते.

शेजाऱ्यापुरतं सांगायचं तर त्याने त्या रात्री डबे वाजवले, टायर पेटवला. सकाळी आम्ही दोघं पडवीत बसलो आणि त्याच्या मुलाच्या नावाने चिठ्ठी लिहिली: परवान्याचा क्रमांक, बंदुकीचा नंबर, 'दुरुस्तीसाठी', दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानाचं नाव, तारीख, सही. मुलगा ती आणि परवान्याचं पुस्तक घेऊन सकाळच्या एस्टीने गेला. आठवड्याने कमान बसवून बंदूक परत आली. तोवर कुणग्यात कापायला फारसं उरलं नव्हतं. चिठ्ठी त्याने परवान्याच्या पुस्तकातच घडी करून ठेवली आहे.