गोळीच्या सावलीची वेळ

भाच्यानं टेक्सासहून फोटो पाठवला. गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर तीन आकडे, सेकंदाला इतके फूट: २६४४, २६४९, २६४६. खाली लिहिलं होतं, "मामा, जमलं! घरी भरलेली काडतुसं आहेत. तीन गोळ्यांच्या वेगात फक्त पाच फुटांचा फरक!"

त्याचा आनंद खरा होता, पण त्या तीन आकड्यांवर त्यानं फार मोठा भरवसा टाकला होता.

अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक जण काडतुसं स्वतः भरतात. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, बंदुकीची दारू तोलून ओतायची आणि तोंडात नवी गोळी दाबून बसवायची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातली .२२ काडतुसं मात्र अशी भरता येत नाहीत. त्यांत पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. त्यामुळे ते खेळाडू कारखान्याचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि आपल्या रायफलला मानवेल तो निवडतात.

हा खटाटोप मुख्यतः वेग एकसारखा राहावा म्हणून. भाच्याच्या .३०८ रायफलची गोळी हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पोचायला दीड सेकंदाहून जास्त घेते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे दहा मीटर खाली ओढतं. वेग १ टक्क्यानं घटला तर ही घसरण ढोबळ मानानं २ टक्क्यांनी वाढते. गोळी वीतभर खाली लागते.

आता वेग मोजणाऱ्या त्या यंत्राकडे, क्रोनोग्राफकडे येतो, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. क्रोनोग्राफ म्हणजे काळ नोंदणारा, आणि तो खरोखर तेवढंच करतो. वेग मागाहून भागाकारानं निघतो. भाच्याचं यंत्र जुन्या, प्रकाशावर चालणाऱ्या जातीचं आहे. (हल्ली गोळीवरून परतलेल्या लहरींची वारंवारता पाहणारी रडारंही मिळतात.) एका दांडीवर ६० सेंटिमीटर अंतरानं दोन प्रकाश-सेन्सर बसवलेले असतात. प्रत्येकाला एका फटीतून आकाशाची अरुंद पट्टी दिसते. गोळी वरून गेली की क्षणभर उजेड किंचित कमी होतो. पहिल्या सावलीला घड्याळ सुरू, दुसऱ्या सावलीला बंद.

हे घड्याळ म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाचे ठोके. सेकंदाला ४० लाख ठोके धरू. २६४६ फूट म्हणजे सुमारे ८०६ मीटर प्रति सेकंद. या वेगानं ६० सेंटिमीटर पार व्हायला सेकंदाचा साधारण १३४४वा भाग लागतो, आणि तेवढ्यात घड्याळ जेमतेम २९८० ठोके मोजतं. एक ठोका इकडचा तिकडे झाला की उत्तर जवळजवळ एका फुटानं बदलतं. भाच्याचा पाच फुटांचा फरक म्हणजे पाच-सहा ठोके!

घड्याळापेक्षा सावली जास्त फसवते. गोळी टोकदार असते. नुसतं टोक आलं तर उजेड फारसा घटत नाही, थोडं जाड अंग आल्यावरच सेन्सर जागा होतो. दोन्ही सेन्सर गोळीच्या एकाच जागेवर जागे झाले तर प्रश्न नाही, चूक वजा होऊन जाते. पण एकावर ऊन जास्त असेल, किंवा गोळीच्या पोटावर ऊन चमकलं, तर दुसरा दोन मिलिमीटर उशिरा जागा होतो. ६०० मिलिमीटरमध्ये दोन म्हणजे वेगात नऊ फुटांची चूक. म्हणून ढगाळ दिवस सर्वांत चांगला, आणि उन्हात सेन्सरवर पांढऱ्या प्लास्टिकचं छत लावतात. यंत्र बंदुकीच्या नळीला फार जवळ ठेवलं तर वायूचा लोट आणि न जळलेले दारूचे कणच सावली पाडतात. दांडी गोळीच्या मार्गाशी ५ अंश तिरपी असेल तर वेग दहा फूट कमी दिसतो. मात्र ही चूक प्रत्येक गोळीला सारखीच होते. तिच्यामुळे सरासरी बिघडते, गोळ्या-गोळ्यांमधला फरक नाही.

बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ साली हे सारं घड्याळाविना साधलं होतं. जड लोलकात गोळी रुतवायची, लोलक किती मागे झुलला ते पाहायचं आणि संवेग अक्षय्यतेनं वेग काढायचा. वेगवान गोळीला हवा किती प्रचंड अडवते हे त्यानंच आकड्यांत दाखवलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून तो भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

आता भाच्याची खरी चूक. त्याच्या तीन आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, येतं अडीच फूट. पण तीनच नमुन्यांवरून, ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर, खरं विचलन त्याच्या निम्म्यापासून सहापटीपर्यंत कुठेही असू शकतं. पाच गोळ्यांनी ही कक्षा ०.६ ते २.९ पट होते, वीस गोळ्यांनी ०.७६ ते १.४६ पट. शिवाय सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक गोळ्या वाढतील तसा वाढतच जातो: तीन गोळ्यांना सरासरी १.७ विचलनं, विसांना ३.७.

तरीही दारू थोडी थोडी वाढवत एकेक गोळी झाडायची आणि जिथे वेग थबकल्यासारखा दिसतो तो 'शुभ बिंदू' मानायचा, ही पद्धत तिथे जोरात आहे. कोकणात देवाला कौल लावतात, फूल उजवीकडे पडलं की होकार. एका गोळीचा आकडा त्या फुलाइतकाच योगायोगानं पडतो. तीच चाचणी पुन्हा केली की बहुतेक वेळा बिंदू जागा बदलतो. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी: दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यापेक्षा वेग बराच जास्त दिसला, तर नळीतला दाब वाढला असण्याची शक्यता धरून थांबावं.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं तशीच वीस काडतुसं भरली आणि एका ढगाळ सकाळी झाडली. सर्वांत मोठ्या-लहान आकड्यांत ३७ फुटांचा फरक, प्रमाण विचलन १०. म्हणजे खरं विचलन साडेसात ते साडेचौदाच्या आसपास. घरच्या भरणीला हे वाईट नाही. पुढच्या शनिवारी तो हीच भरणी छत लावून, उन्हात मोजणार आहे.