ओढायची ताकद पुरते, पेलायची संपते

अमेरिकेत आणि कॅनडात पिकअप ट्रकच्या माहितीपत्रकावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा टोइंग कपॅसिटीचा, म्हणजे ओढण्याच्या क्षमतेचा असतो. १५,००० पौंड, १७,००० पौंड, कधी त्याहून जास्त. (एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.) फिफ्थ-व्हील प्रकारचा राहता ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेणारा माणूस हा आकडा पाहतो, ट्रेलरचं रिकामं वजन पाहतो, आणि पहिला आकडा मोठा दिसला की व्यवहार पक्का करतो. इथेच गणित चुकतं. फिफ्थ-व्हील जोडल्यावर ट्रक ओढण्यात क्वचितच कमी पडतो, कमी पडतो तो वजन पेलण्यात. हातगाडी ओढणं वेगळं आणि पोतं पाठीवर घेणं वेगळं, आणि इथे ट्रकला दोन्ही एकदम करायचं असतं.

साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या बॉलला अडकतो. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भाग मात्र उंच उचललेला असतो आणि ट्रकच्या हौद्यावर येतो. त्याच्या खालच्या बाजूला २ इंच व्यासाची पोलादी किंगपिन असते. हौद्यात बसवलेल्या हिचचा, म्हणजे जोडणीच्या उपकरणाचा जबडा ती पकडतो. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलरही अशाच जोडणीवर चालतात.

या जोडणीचा फायदा तरफेच्या नियमात आहे. ट्रकच्या दोन ॲक्सलांमध्ये १३ फूट अंतर आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या ५ फूट मागे आहे, असं धरा. बॉलवर १,००० पौंड टेकवले की पुढच्या चाकांवरचं सुमारे ३८५ पौंड वजन उचललं जातं आणि मागच्या ॲक्सलवर १,३८५ पौंड येतं. स्टिअरिंग हलकं पडतं, पुढच्या ब्रेकांची पकड कमी होते. किंगपिन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा २ ते ४ इंच पुढे असते, त्यामुळे पुढची चाकं उचलली जात नाहीत. शिवाय वाऱ्याच्या झोताने ट्रेलर आडवा ढकलला गेला, तरी ट्रकची शेपटी फिरवायला त्याला लांब दांडा मिळत नाही. म्हणून हायवेवर फिफ्थ-व्हील बंपरला जोडलेल्या ट्रेलरपेक्षा कमी डुलतो.

या स्थैर्यासाठी ट्रकला जास्त वजन पेलावं लागतं. बंपरवर ट्रेलरच्या वजनाचे १० ते १५ टक्के येतात, किंगपिनवर १५ ते २५ टक्के. राहत्या ट्रेलरसाठी हिशेब करताना २० ते २२ टक्के धरावेत. १३,००० पौंडांच्या ट्रेलरचे जवळजवळ २,७५० पौंड, म्हणजे साडेबाराशे किलो, थेट ट्रकवर येतात.

आता ट्रक किती पेलू शकतो ते पाहू. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर पिवळी पट्टी असलेला स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड, म्हणजे ट्रकला पेलवणारं वजन, त्याच ट्रकचा असतो. सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन अशा प्रत्येक गोष्टीने तो कमी होतो. माहितीपत्रकातला पेलोड मॉडेलच्या सगळ्यात हलक्या आवृत्तीचा असू शकतो, म्हणून विश्वास फक्त दारावरच्या आकड्यावर ठेवावा.

उदाहरणाला चार दारांचा, फोर-व्हील ड्राइव्हचा, डिझेल, पाऊण टनी ट्रक घ्या. (अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही जुनी वर्गवारी आहे. प्रत्यक्षातला पेलोड आता कितीतरी जास्त असतो.) ट्रकचं कमाल भारित वजन १०,००० पौंड, स्टिकरवर पेलोड २,३०० पौंड, आणि माहितीपत्रकात टोइंग कपॅसिटी १५,००० पौंडांच्या वर. यातून चौघांच्या कुटुंबाचे ६०० पौंड, हिचचे २०० आणि हत्यारं, ठोकळे, कुत्रा वगैरेंचे १५०, असे एकूण ९५० वजा करा. किंगपिनसाठी उरले १,३५० पौंड. त्याला ०.२१ ने भागलं की भरलेल्या ट्रेलरचं वजन येतं ६,४०० पौंड. कागदावर १५,०००, प्रत्यक्षात ६,४००!

हेच ९५० पौंड ३,९०० पौंड पेलोडच्या एकटनी ट्रकमधून वजा केले तर १४,००० पौंडांचा ट्रेलर बसतो. मागे चार चाकं असलेला ड्युअली ५,५०० पौंड पेलोडचा असेल, तर पेलोडच्या हिशेबाने २१,००० पौंडांच्या वर जाता येतं. तिथे मात्र ट्रक आणि ट्रेलरच्या एकत्रित वजनाची मर्यादा आधी आडवी येऊ शकते. डिझेल घेतलं की सगळं जमतं हा समजही तपासून घ्यावा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड असतं. अमेरिकी वर्गवारीत १०,००० पौंडांवर वरचा वर्ग सुरू होतो आणि पुष्कळ पाऊण टनी ट्रक त्या रेषेच्या आत ठेवलेले असतात. त्यामुळे जड इंजिन थेट पेलोड खातं. एकाच जातीच्या ट्रकांत डिझेल जास्त ओढतं आणि कमी पेलतं.

टोइंगचा आकडा खोटा नसतो. अमेरिकी उत्पादक तो वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे२८०७ या मानकाने काढतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापमान, एसी पूर्ण चालू. अशा स्थितीत एकेरी मागच्या चाकांच्या ट्रकने वेग ताशी ४० मैलांखाली जाऊ द्यायचा नाही. १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघायचं, तेही पुढे आणि मागे दोन्हीकडे. मात्र चाचणीत ट्रकमध्ये १५० पौंडांचे दोनच जण धरलेले असतात. सुट्टीवर निघालेलं कुटुंब त्यात नसतं.

मर्यादा ओलांडली तर लगेच काही मोडत नाही आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त राहतो. झीज टायरमध्ये, बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये होते. एलटी २७५/७०आर१८ मापाचा ई श्रेणीचा टायर ८० पीएसआय हवेवर ३,६४० पौंड पेलतो. हवा कमी असेल तर तेवढं पेलत नाही, त्याच्या भिंती जास्त वाकतात, तापतात आणि भर उन्हात थर सुटतात. मागचा भाग खाली बसला म्हणून एअरबॅग (स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावणारे बरेच आहेत. एअरबॅगने ट्रक सपाट दिसतो, पण ॲक्सल, चाकं आणि ब्रेक तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

ट्रेलरच्या बाजूनेही फसगत होते. त्याचं ‘रिकामं’ वजन धरून कधीच हिशेब करू नये, कारण पाणी, सामान आणि बऱ्याचदा बॅटरी त्यात धरलेली नसते. ६० गॅलन पाणी म्हणजे ५०० पौंड. भांडी, खुर्च्या, कपडे, किराणा मिळून हजार-दोन हजार पौंड सहज होतात. सामानाची मोठी कपाटं ट्रेलरच्या नाकाशी असतात, म्हणून त्यातलं बरंचसं वजन पिनवर येतं. नाकाशी वॉशिंग मशीन बसवली तर तीही पिनवरच. पिनवरचं वजन कमी दिसावं म्हणून सगळं मागे सरकवणं हा उपाय नव्हे. ते १५ टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर ट्रकला हिसके देऊ लागतो आणि फिफ्थ-व्हीलचं स्थैर्य हरवतं.

अंदाज सोडून वजनकाट्यावर जाणं सगळ्यात चांगलं. अमेरिका-कॅनडातल्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. त्यांचे तीन वेगळे प्लॅटफॉर्म ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल स्वतंत्र मोजतात. कुटुंब, पाणी, सामान सगळं भरून एकदा जोडलेल्या स्थितीत वजन करा, मग ट्रेलर बाजूला उभा करून फक्त ट्रकचं. आपल्या पाऊण टनी ट्रकला १३,००० पौंडांचा ट्रेलर जोडला तर पावती अशी येईल: पुढे ४,९००, मागे ६,५००, ट्रेलरचे ॲक्सल १०,२५०. नुसता ट्रक: पुढे ४,८५०, मागे ३,८००. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक, ११,४०० वजा ८,६५०, म्हणजे पिनवर २,७५० पौंड. ट्रेलरच्या १३,००० पौंडांचे २१ टक्के. आणि ट्रक स्वतःच्या १०,००० च्या मर्यादेपेक्षा १,४०० पौंडांनी जड.

चढाचं गणित इंजिनासाठी आणि उताराचं ब्रेकसाठी असतं. १०,००० किलोंची जोडगाडी ६ टक्के चढावर ताशी ८० किलोमीटरने न्यायला केवळ गुरुत्वाविरुद्ध १३० किलोवॅट, म्हणजे सुमारे १७५ अश्वशक्ती लागते. हवेचा रोध वेगळा. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे टर्बो नसलेल्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद विरळ हवेनेच जाते. तोच रस्ता उतरताना तितकीच ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. ती एक्झॉस्ट ब्रेक (धुराचा मार्ग अडवून इंजिनाकरवी वेग रोखणारी सोय) आणि खालच्या गिअरने काढावी. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात. ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकांचा जोर आधी जुळवून घ्यावा. सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैल वेगात केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरचा हाताने चालणारा खटका दाबावा आणि चाकं जॅम होण्याच्या किंचित अलीकडे जोर ठेवावा.

ट्रकचा हौदाही मोजून घ्या. ८ फुटी हौद्यात सहसा अडचण येत नाही. साडेसहा फुटी हौद्यात मागचा ॲक्सल केबिनपासून जेमतेम ४० इंचांवर असतो. १०२ इंच रुंद ट्रेलरचा कोपरा पिनपासून ५१ इंच बाजूला असतो, त्यामुळे तीव्र वळणावर तो मागची काच फोडू शकतो. तिथे मागे सरकणारं हिच लागतं, आणि ते साध्यापेक्षा जड असल्यामुळे पेलोडमधून आणखी काही पौंड जातात. हौद्याच्या कडा आणि वरच्या ट्रेलरमध्ये साडेपाच-सहा इंच मोकळे असावेत.

जोडताना होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे किंगपिन जबड्यात न शिरता त्याच्या वर टेकणं. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं. ट्रक पुढे निघाला की ट्रेलर हौद्यावर आदळतो. म्हणून ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच टॉर्च घेऊन वाकून पाहायचं: हिचच्या आणि ट्रेलरच्या प्लेटांमध्ये फट नको आणि जबडा पिनच्या मागून पूर्ण बंद हवा. मग चाकांना ठोकळे लावून, ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेवून ट्रक हळूच पुढे ओढून पाहायचा. जोडणी घट्ट राहिली तरच पाय वर घ्यायचे.