थेंबाथेंबाने टिकलेली ॲबसिंथ

ॲबसिंथ घातलेली जुनी कॉकटेल्स पाहिली, तर बहुतेकांत ती चमचाभरसुद्धा नसते. कुठे पेला आतून विसळण्यापुरती, कुठे दोन-चार थेंब. एके काळी फ्रान्समध्ये पेलेच्या पेले रिचवली जाणारी ही वनौषधींची कडक दारू कॉकटेलमध्ये इतकी जपून का वापरली जाते, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे.

स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-ट्राव्हेर खोऱ्यातल्या कुव्हे गावात १७९७ मध्ये ॲबसिंथची पहिली भट्टी उभी राहिली. १८०५ मध्ये पेर्नो कुटुंबाने सीमेपलीकडे फ्रान्समधल्या पोंतार्लिए इथे मोठा कारखाना काढला. दवण्याच्याच गणातली कडवट वर्मवुड, अनीसचं बी आणि बडीशेप हे तिचे मुख्य घटक. ऊर्ध्वपातनानंतर आणखी काही वनस्पती भिजवल्या की त्यांच्या हरितद्रव्याने ती हिरवी होते. अल्कोहोलचं प्रमाण ४५ ते ७५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पाणी घालणं ओघानेच आलं. अनीसमधलं अनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. थंड पाणी पडताच ते बारीक थेंबांच्या रूपात सुटं होतं आणि पेय दुधाळ दिसू लागतं. फ्रेंच माणसाची ॲबसिंथ म्हणजे एवढंच: एक भाग दारू, तीन ते पाच भाग पाणी आणि हवी तर साखर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, वाइन महागली आणि सामान्य लोकही ॲबसिंथकडे वळले.

ती इतर दारूंमध्ये मिसळण्याची कला मात्र प्रामुख्याने अमेरिकेत बहरली, आणि तिथे न्यू ऑर्लिन्सला पर्याय नव्हता. फ्रेंच वळणाच्या या शहरात ॲबसिंथ मुबलक मिळे. बूर्बों स्ट्रीटवर कायेतानो फेरेर यांनी १८७४ मध्ये बर्फाबरोबर घुसळलेली ॲबसिंथ फ्रापे बनवली, असं मानलं जातं. याच शहरातलं साझेरॅक हे कॉकटेल मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतं. औषधविक्रेते आंत्वान पेशो यांचे बिटर्स (थेंबांनी घालायचा कडवट अर्क), साखर, आधी कोन्याक ही द्राक्षांची फ्रेंच ब्रँडी आणि नंतर राय धान्याची व्हिस्की, आणि हे सगळं ॲबसिंथने विसळलेल्या पेल्यात. कोन्याक मागे पडण्याचं कारणही फायलोक्झेराच. ज्या किडीने फ्रान्समध्ये ॲबसिंथची चलती केली, तिनेच अमेरिकेतल्या या पेयातली मूळ दारू बदलायला लावली.

१८७६ मध्ये अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांच्या ‘इम्प्रूव्ह्ड’ कॉकटेल्सच्या कृती छापल्या गेल्या. नेहमीच्या मिश्रणात थोडं माराशिनो (चेरीची गोड दारू) आणि थोडी ॲबसिंथ, एवढीच ती सुधारणा. इथे ॲबसिंथची भूमिका पक्की झाली: ती मुख्य दारू नव्हे, चवीपुरता मसाला. हे त्या काळच्या बारटेंडरांनी फार नेमकं ओळखलं होतं. थेंबभर घातली की व्हिस्की किंवा जिनचा वास अधिक खोल होतो. जरा जास्त झाली की सगळा पेला फक्त अनीसच्या चवीचा होतो.

१९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झां लान्फ्रे या मजुराने बायको आणि मुलींचा खून केला. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन आणि ब्रँडीही घेतली होती, पण खापर फुटलं ते ॲबसिंथवर. वर्मवुडमधल्या थुजोनमुळे वेड लागतं, ही समजूत आधीच पसरलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये १९१० पासून, अमेरिकेत १९१२ मध्ये आणि फ्रान्समध्ये १९१५ मध्ये बंदी आली.

ब्रिटनने बंदी घातली नाही, आणि कॉकटेलच्या दृष्टीने हे भाग्याचं ठरलं. अमेरिकेत दारूबंदी आल्यावर लंडनला परतलेले हॅरी क्रॅडॉक सव्हॉय हॉटेलच्या बारमध्ये रुजू झाले. १९३० मधल्या त्यांच्या संग्रहात ॲबसिंथच्या कितीतरी कृती टिकून राहिल्या. त्यांतलं ‘कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर २’ सर्वांत सुंदर: जिन, लिले (वाइनवर आधारित पेय), क्वांत्रो (संत्र्याची गोड दारू) आणि लिंबाचा रस समान भाग, वर ॲबसिंथचा शिडकावा. हात सैल सोडणारा अपवाद म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे यांचं १९३५ मधलं ‘डेथ इन द आफ्टरनून’. त्यात ॲबसिंथवर थंड शॅम्पेन ओतली जाते.

बंदी असलेल्या देशांत मात्र पर्याय शोधावे लागले. पॉल रिकार यांनी १९३२ मध्ये आपलं पास्तिस, म्हणजे अनीसच्या चवीची दारू, बाजारात आणलं. न्यू ऑर्लिन्समध्ये १९३४ मध्ये हर्बसेंट हा तसाच पर्याय आला आणि साझेरॅकच्या पेल्यात तेच जाऊन बसलं. लॉस एंजेलिसमध्ये बारमालक डॉन बीच यांनी झोंबी या रमच्या कॉकटेलमध्ये पेर्नोचे थेंब टाकले. हे पेर्नो म्हणजे बंदीनंतरची, वर्मवुड वगळलेली आवृत्ती. या पर्यायांत अनीसची चव होती, पण वर्मवुडचा कडवटपणा गेला आणि गोडी वाढली. अनेक पिढ्यांनी साझेरॅक म्हणून जे प्यायलं ते थोडं वेगळंच पेय होतं, ही हानी मला लहान वाटत नाही.

१९८८ मध्ये युरोपने थुजोनची मर्यादा ठरवली आणि परतीची वाट मोकळी झाली. १९९० च्या दशकात चेक बारमधून साखर पेटवण्याची टूम निघाली. जुन्या फ्रेंच रीतीशी तिचा संबंध नाही, आणि जळक्या साखरेखाली वनस्पतींचा नाजूक वास मरतो. स्वित्झर्लंडने २००५ मध्ये बंदी उठवली. अमेरिकेत २००७ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि फ्रान्सने २०११ मध्ये जुना कायदा रद्द केला. दरम्यान २००८ मध्ये बंदीपूर्व काळातल्या १३ बाटल्यांचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यांतलं थुजोनचं प्रमाण वेड लावण्याइतकं मुळीच नव्हतं. खरा घातक घटक अल्कोहोलच होता.

म्हणूनच आज जुनी कृती हाती आली की ती कोणत्या देशातली आणि कोणत्या सालातली हे आधी पाहावं. बंदीच्या काळातल्या अमेरिकी कृतीत गोड पर्याय गृहीत धरलेला असू शकतो. तिथे खरी ॲबसिंथ वापरताना थेंब कमी करावे लागतात आणि साखर किंचित वाढवावी लागते.