मागची सीट काढायला येताय? आधी बोल्टचं ऐका

आठवड्याला तीन-चार जण तरी आमच्या सीट कव्हरच्या दुकानात येऊन एकच विचारतात : ‘अल्टोची मागची सीट काढून द्या, माल टाकायचाय.’ इचलकरंजीत यात नवल काही नाही. कापडाचे दहा-बारा तागे पोहोचवायचे तर टेम्पोचं भाडं परवडत नाही, दुचाकीवर ते मावत नाहीत आणि डिकी सीएनजीच्या टाकीनं खाल्लेली. मग नजर मागच्या सीटवर जाते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलं. काम ठरवायला बसायच्या आधी एवढं वाचा.

सीट काढणं अवघड नाही, हे आधीच कबूल करतो. छोट्या गाडीत बसक आणि पाठ वेगळी असते. बसक काही गाड्यांत पुढच्या कडेला नुसती खाचेत अडकवलेली असते, काहींत दोन बोल्ट असतात. पाठ बिजागरीच्या पट्ट्यांवर. बहुतेक ठिकाणी बारा नंबरचा पाना पुरतो. हात बसलेल्या माणसाला वीस मिनिटं लागतात. त्यामुळे बरेच जण रविवारी घरीच काढतात, त्यालाही आमची हरकत नाही. हरकत आहे ती बेल्टच्या बोल्टला हात लावण्याला.

होतं असं. सीटचे बोल्ट निघाले की खाली जाड डोक्याचा आणखी एक बोल्ट दिसतो. त्याला बेल्टचं बकल लटकलेलं असतं. ‘हे कशाला अडचण’ म्हणून तोही काढतात आणि सगळे बोल्ट एकाच श्रीखंडाच्या डब्यात पडतात. सहा महिन्यांनी घरात लग्न निघतं किंवा गाडी विकायची ठरते. डबा सापडतो, पण त्यात बेल्टचा एक बोल्ट कमी. मग हार्डवेअरच्या दुकानातून नजरेच्या अंदाजानं एक आणला जातो.

इथंच घोटाळा. सीटचे बोल्ट मिलिमीटरचे. बेल्टचा बोल्ट मात्र इंची, साडेतीन सुती, बारीक आट्याचा : इंचाला 20 आटे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साडेतीन सूत म्हणजे साधारण 11.1 मिलिमीटर. म्हणजे दुकानात मिळणारा दहाचा बोल्ट ढिला पडतो आणि बाराचा जात नाही. दहाचा बसल्यासारखा वाटतो, पण तो आट्यांना नुसता घासून बसलेला असतो. गाडी कुठं धडकली तर माणसाचं सगळं वजन त्या बेल्टवर येतं, त्या वेळी तो धरेल याची खात्री कोण देणार? बाराचा घालणारे पान्याला पाइप लावून रेटतात. दोन आटे जातात, तिसऱ्याला नट खाऊन टाकतो. हा नट फ्लोअरच्या पत्र्याला आतून वेल्ड केलेला असतो. जास्त जोर लागला तर वेल्ड सुटतं आणि नट आतल्या आत गरगर फिरत बसतो. तिथं ना हात जातो ना पाना.

हे निस्तरायला आमचा अर्धा दिवस जातो. मागच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी असते, म्हणून टाकी उतरवल्याशिवाय तिथं वेल्डिंगची ज्योत आम्ही लावत नाही. बिल सीट काढण्याच्या दसपट होतं आणि मग चेहरे पडतात. रागावू नका, पण त्या दिवशी नंबर लावून बसलेल्या बाकीच्या तिघांचे चेहरेही आम्हालाच बघावे लागतात.

म्हणून सांगणं एवढंच. बेल्टचा बोल्ट जागेवर राहू द्या, बकल फडक्यानं बाजूला बांधून ठेवा. काढलाच असेल तर त्याच क्षणी, त्याच भोकात परत लावा. पहिले चार आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तरी चुकलाय किंवा वाकडा शिरतोय. पाना त्यानंतर. आणि सीट परत बसवताना बकल फटीतून वर ओढून घ्यायला विसरू नका. निम्म्या गाड्यांत ती सीटखाली दबलेली सापडतात. मागं बसणाऱ्यानंही बेल्ट लावायचा असतो आणि न लावल्याचा दंड 1000 रुपये आहे.

‘चार बोल्टचे तीनशे रुपये?’ असं विचारतात. त्यात प्रत्येक बोल्ट सीट निघाल्यावर त्याच्याच भोकात परत लावलेला असतो, बकलं बांधलेली असतात, खालचा पत्रा साफ केलेला असतो आणि वर्षभरात एकदा सीट परत बसवून देणंही त्यातच आलं. डबा शोधायची वेळ येत नाही.

आता जागेचं. सीट निघाली म्हणजे सपाट जागा मिळाली असं नाही. टाकीच्या वरचा पत्रा उंच असतो, पुढं पाय ठेवायचा खळगा. त्यावर तागे रचले की घसरतात. आम्ही 12 मिलिमीटरच्या प्लायचा ओटा करून देतो. तो सीटच्या मूळ भोकांवरच आवळतो, नवीन एकही भोक पाडत नाही. घरी स्क्रू मारणाऱ्यांना हात जोडून विनंती : पत्र्याखाली पेट्रोल आहे. पुढच्या सीटमागं जाळीही लावून घ्या. सीटची पाठ होती तोवर ती माल अडवत होती. आता ब्रेक लागला की तागा थेट ड्रायव्हरच्या पाठीत येतो. सीएनजी गाडीत पाठ काढली की टाकीचा वॉल्व्ह उघडा पडतो, म्हणून अशा गाडीची पाठ आम्ही जाळीशिवाय काढतच नाही. टाकीची दर 3 वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, उलटून गेली असेल तर आधी ती करून या.

वजनाचा हिशोबही ऐका. जागा वाढली म्हणून गाडीची ताकद वाढली नाही. पाच माणसांची गाडी म्हणजे माणशी 70 किलो धरले तर साडेतीनशे किलो आणि वर थोडं सामान. त्यात ड्रायव्हर आला. कापूस फुगतो, कापड फुगत नाही, थोड्या जागेत जास्त वजन बसतं. तागे छतापर्यंत रचले तर मागची स्प्रिंग बसते आणि हेडलाइट आकाशाकडं बघायला लागतात. भरलेल्या गाडीला टायरमध्ये किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

कायद्याचंही लपवत नाही. आरसीवर पाच सीट लिहिल्यात. आरसीशी न जुळणारा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. म्हणून कायमचं कापाकापीचं काम आम्ही घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. आम्ही करतो ते तासाभरात पूर्ववत होणारं, घरचा माल चार दिवस हलवण्यापुरतं. पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्यानं न्यायचा असेल तर आमच्याकडं येऊ नका. रोजचाच धंदा असेल तर कार्गो गाडी घ्या, पिवळ्या पाटीची. तिच्याही सीट कव्हरचं काम आम्ही करतो.

काढलेली सीट गच्चीवर टाकू नका. पाऊस नाही लागला तरी उंदीर लागतात, फोमचा भुगा होतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर आत घाम धरून बुरशी येते. जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीला उभी ठेवा. जागाच नसेल तर आमच्या माळ्यावर ठेवायची सोय आहे, महिन्याचे 100 रुपये.

येताना आरसी आणा आणि सीटखालचं काय असेल ते घरीच काढून घ्या. शेंगांची टरफलं आम्ही झाडून टाकतो, पण मागच्या महिन्यात एक चांदीचं पैंजण निघालं. मालकीणबाई ते दोन वर्षं शोधत होत्या म्हणे.